दोन नोकऱ्यांमधले पंधरा दिवस

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळच्या गर्दीत बाप-लेक दवाखान्यात आले. मुलगा चौतीस वर्षांचा, एमआयडीसीतील एका कारखान्यात यंत्रावर काम करणारा. दर आठवड्याला बदलणारी पाळी आणि वर ओव्हरटाइम. डोके जड राहते, रात्री झोप लागत नाही, घरात लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते, अशी तक्रार होती. रक्तदाब १५६/१०० भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, फारसा फरक पडला नाही. आधीच्या दोन भेटींतही तो चढाच होता.

“डॉक्टर, गोळी लिहून द्या, पण तपासण्या आत्ता नकोत,” तो म्हणाला. “चाकणला नवी नोकरी लागलीय. इथली शनिवारी सुटते आणि तिकडं सोमवारी हजर व्हायचंय.”

“म्हणजे मध्ये फक्त एक रविवार?”

“रविवारी सामान हलवायचंय.”

शाळेपासूनचे तीन मित्र ‘चार दिवस मुंबईला चल’ म्हणून त्याच्या मागे लागले होते. त्याने त्यांना नाही म्हणून सांगितले होते. वडिलांनाही तेच योग्य वाटत होते. “आधी नोकरीत कायम होऊ द्या, मग फिरा म्हणावं आयुष्यभर. कमावता माणूस दारात बसलेला दिसला की गल्लीत चार तोंडं विचारतात,” ते म्हणाले. या वडिलांना मी वीस वर्षे ओळखतो. त्यांनीही कारखान्यात तीस वर्षे काढली. दरवर्षी रजा विकली आणि त्या पैशांतून घराची एकेक खोली बांधली. पंचावन्नाव्या वर्षी त्यांची बायपास झाली.

मी मुलाला एवढेच विचारले, “पंधरा दिवस उशिरा आलो तर चालेल का, असं नव्या कंपनीला विचारून तरी पाहिलंस का?” त्याने विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले, आणि मुदत मिळाली.

वाचकहो, नगर, सुपा, रांजणगाव, चाकण या औद्योगिक वसाहतींत आपल्या जिल्ह्यातील असंख्य तरुण काम करतात. एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र या दोहोंच्या मध्ये थोडे थांबावे, हे कोणी सांगत नाही. नोकरीत असताना सलग पंधरा दिवसांची रजा मिळणे कठीण. नव्या नोकरीत पहिले काही महिने रजेचे नावही काढता येत नाही. म्हणजे शरीराला आणि मनाला खरी विश्रांती देण्याची संधी या मधल्या दिवसांतच असते. या दिवसांचा उपयोग कसा करावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

विश्रांती म्हणजे चैन नव्हे

कामाचा ताण आला की शरीरात ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. ताण थोड्या वेळाचा असेल तर सारे पूर्वपदावर येते. पण रोज बारा तास काम, अपुरी झोप आणि आठवड्याला बदलणारी पाळी असे वर्षानुवर्षे चालले, तर शरीराला पूर्वपदावर यायला सवडच मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात म्हटले आहे. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या १२ हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांची नऊ वर्षांची माहिती तपासण्यात आली. दरवर्षी सुटी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. अर्थात मुळात निरोगी असलेला माणूसच अधिक सुट्या घेत असेल, हीही शक्यता आहे. म्हणून सुटीला रामबाण उपाय मानू नये. पण तिला चैन समजून टाकून देणेही शहाणपणाचे नाही.

आपल्या देशातील १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली होती. कामगाराला विश्रांती मिळावी, हाच तिचा मूळ हेतू होता.

पहिले पाच दिवस : झोप आणि तपासणी

नोकरी सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटेची गाडी पकडून सहलीला निघू नये. पहिले चार-पाच दिवस घरीच काढावेत. रात्रपाळी करणाऱ्याच्या शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. त्यामुळे पहिले काही दिवस रात्री झोप न येणे आणि दुपारी डोळे मिटणे स्वाभाविक आहे. दुपारची झोप अर्ध्या तासावर ठेवावी, सकाळी ठरल्या वेळी उठून उन्हात फिरून यावे, संध्याकाळनंतर चहा टाळावा. काही जणांना सुटी लागताच डोकेदुखी, सर्दी, अंगदुखी सुरू होते. त्याने घाबरून जाऊ नये. दोन-तीन दिवसांत बरे वाटले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

याच दिवसांत राहून गेलेल्या तपासण्या उरकाव्यात. रक्तदाब, रक्तातील साखर, चरबी, मूत्रपिंडाचे कार्य, डोळे, दात. यंत्रांच्या आवाजात काम करणाऱ्यांनी कानही तपासून घ्यावेत. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कंपनीचा गट आरोग्य विमा बहुधा नोकरी संपताच संपतो. मधल्या दिवसांत आजारपण आले तर काय करायचे, याचा विचार आधीच करून ठेवावा. पैशांची काळजी डोक्यात असेल तर विश्रांती होत नाही. घरखर्च आणि हप्ते यांची रक्कम आधी बाजूला काढावी, उरलेल्यात सहल बसवावी. सहलीसाठी भविष्य निर्वाह निधी मोडू नये. तो नव्या नोकरीत वर्ग करता येतो.

मधले चार दिवस : मित्रांसोबत शहर

नेदरलँड्समध्ये दीर्घ सुटीवर गेलेल्या नोकरदारांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सर्वांत बरे वाटले ते सुटीच्या आठव्या दिवसाच्या सुमारास. म्हणून पंधरा दिवसांची सुटी असेल तर प्रवास मधल्या दिवसांत ठेवणे उत्तम.

प्रवास नगरकरांना नवा नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी आपल्या नगरहूनच पुण्याला निघाली. आमचा रुग्ण आणि त्याचे मित्रही एसटीनेच, आळेफाटा, माळशेज घाटमार्गे कल्याणला गेले आणि तिथून लोकलने मुंबईत उतरले. चार तासांहून अधिक बैठा प्रवास असेल तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. एकूण धोका कमीच असतो, तरीही गाडी थांबेल तिथे उतरून चालावे, बसल्या जागी घोटे हलवत राहावे, आणि लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये.

शहराच्या सहलीचा मोठा फायदा म्हणजे चालणे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची १८८८ साली पूर्ण झालेली इमारत पाहावी, तिथून फोर्टातल्या जुन्या इमारती बघत गेटवे ऑफ इंडियापर्यंत पायी जावे, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या कडेने फिरावे. दिवसभरात सात-आठ किलोमीटर कसे झाले ते कळतही नाही. घारापुरीची लेणी पाहायची असतील तर सोमवार सोडून जावे, कारण त्या दिवशी ती बंद असतात. लेण्यांपर्यंत शंभरहून अधिक पायऱ्या आहेत. हृदयविकार असलेल्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी थांबत-थांबत चढावे. बोटीत लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसावे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर झालेला अपघात विसरू नये.

नगरची हवा कोरडी, मुंबईची दमट. तिथे घाम अंगावर वाळत नाही आणि शरीरातले पाणी नकळत कमी होते. म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवावी. सुती सैल कपडे आणि पायाला सवयीची चप्पल किंवा बूट असावेत. नवे बूट सहलीसाठी राखून ठेवणे म्हणजे फोडांना आमंत्रण. वडापाव, पावभाजी जरूर खावी, पण रोज तिन्ही त्रिकाळ नव्हे. या पदार्थांत मीठ भरपूर असते आणि दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी असावे. मधुमेही व्यक्तीने गोळ्या किंवा इन्सुलिन आणि थोडे खाणे हातातल्या पिशवीत ठेवावे, बसच्या टपावरच्या सामानात नव्हे.

मित्रांच्या सहलीत दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘चार दिवस गोळी नाही घेतली तर काय बिघडते?’ बिघडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही उसळतो. दुसरी चूक म्हणजे रात्रभर जागरण आणि मद्यपान. थकवा घालवायला गेलेला माणूस दुप्पट थकून परत येतो. ‘नको’ म्हणणाऱ्याला आग्रह न करणारा तोच खरा मित्र.

मित्रांचा सहवास मात्र स्वतःच औषधासारखा आहे. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ज्यांचे नातेसंबंध आणि मैत्री भक्कम, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. पाळ्यांच्या नोकरीत पहिला बळी जातो तो मैत्रीचा. एक कामावर असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो.

शेवटचे दिवस : नव्या कामाची तयारी

परतल्यावर चार-पाच दिवस हातात ठेवावेत. झोपण्या-उठण्याची वेळ नव्या पाळीशी हळूहळू जुळवावी. नेदरलँड्सच्या त्याच अभ्यासात असेही दिसले, की कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सुटीचा परिणाम ओसरतो. म्हणून सुटीतली एखादी चांगली सवय, मग ते रोजचे अर्धा तास चालणे असो की रविवारी मित्राला फोन करणे असो, पुढे चालू ठेवावी. वर्षभर टिकते ती सवयच.

ज्यांनी नोकरी सोडलेली नाही, तर ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांची गोष्ट निराळी. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातली गिरणी बंद पडली, तेव्हा संशोधकांनी तेथील बेकार कामगारांचे जीवन जवळून पाहिले. वेळ भरपूर होता, पण दिवसाला आकार उरला नव्हता. माणसे रस्त्याने चालतसुद्धा सावकाश होती. अशा बंधूला ‘मजा आहे बुवा तुझी’ असे म्हणू नये. त्याने उठण्या-जेवण्याची वेळ पाळावी, रोज घराबाहेर पडावे आणि मित्रांना टाळू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’च्या निःशुल्क क्रमांकावर बोलावे.

आमचा रुग्ण कामावर हजर होण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा दवाखान्यात आला. रक्तदाब १३८/८८. त्यातला वाटा गोळीचा किती, झोपेचा किती आणि मरीन ड्राइव्हचा किती, हे मला सांगता येणार नाही. गोळी चालूच ठेवायची आहे, महिन्याने चाकणला तपासून घ्यायचे आहे, हे त्याला बजावले. तो हसला. गेल्या वर्षभरात मी त्याला हसताना पाहिले नव्हते.

वडील सोबत होतेच. मुलगा बाहेर औषधे घ्यायला गेला तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “डॉक्टरसाहेब, मी रजा विकल्या नसत्या तर माझं ऑपरेशन टळलं असतं का?”

मी खरे तेच सांगितले. त्यांची तंबाखू होती, रक्तदाब होता, घराण्यातही हृदयविकार होता. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. आणि ज्या घरात आज सून-नातवंडे नांदतात ते त्या रजांवरच उभे आहे, हेही विसरून चालणार नाही.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी मुंबई पाहिली ती फक्त ऑपरेशनच्या वेळी. खिडकीतून. पोरगं म्हणतंय, पुढच्या रजेत तुम्हाला गेटवेला नेतो.” आणि जाता-जाता त्यांनी विचारले, “माझ्या तब्येतीला झेपेल ना?”

झेपेल. सावकाश चालायचे, गोळ्या खिशात ठेवायच्या आणि पोराने ती रजा विकायची नाही, एवढेच पथ्य.