दंश मण्यारचा, नोंद पोटदुखीची

भातपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत मण्यार घरात शिरतो तो रात्री. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला तो चावतो. दात इतके बारीक, की अनेकदा खूण सापडत नाही आणि सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास अडतो. रात्री जेवून चांगला झोपला होता, पोटात दुखायला लागलं आणि गेला, एवढंच घरचे सांगू शकतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावात असा मृत्यू घरीच झाला, तर ग्रामपंचायतीत 'नमुना २' भरला जातो. मयत तंबाखू किती वर्षं खात होता, हेसुद्धा त्यात विचारलेलं असतं. मृत्यूचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलंय का, या प्रश्नापुढे मात्र 'नाही' येतं आणि आजाराच्या जागी नातेवाईक सांगतील ते.

हाच माणूस १०८ च्या गाडीने गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात पोचून तिथे दगावला, तर डॉक्टर 'नमुना ४' भरतात. त्यात कारणं एकाखाली एक लिहायची असतात. पहिल्या ओळीत श्वसन बंद पडणे, त्याचं कारण स्नायूंना आलेला लकवा, त्याचंही कारण विषारी सर्पदंश. आकडेवारीत धरलं जातं ते हे तळाचं, मूळ कारण. पण घाईगर्दीत पुष्कळ अर्ज पहिल्या ओळीवरच थांबतात: 'हृदयक्रिया बंद पडून'. ती तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते! रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'वार्धक्य' यालाही स्वतंत्र संकेतांक आहे. धोरण ठरवायला काडीचाही उपयोग नसलेल्या अशा नोंदींना या क्षेत्रातले तज्ज्ञ सरळ 'कचरा' म्हणतात.

२०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होतं. गोव्यात हे प्रमाण १०० टक्के, तर बिहारात ५ टक्केही नाही. गोव्यातले आजार दिसतात, बिहारातले दिसत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

महाराष्ट्राच्या आतही हीच तफावत आहे. शहरात डॉक्टरच्या दाखल्याशिवाय स्मशानात अंत्यविधी होत नाही. खेड्यात आधी अंत्यविधी, मग नोंद. शिवाय कायद्याने मृत्यू नोंदवायचा तो जिथे घडला तिथे. महामार्गाने नागपूरला हलवलेला सौंदडचा रुग्ण तिथे वारला, तर नोंद नागपूर महापालिकेकडे होते. अर्जात राहण्याचं गाव लिहिलेलं असतं खरं, पण तक्ते करताना ते वेगळं काढलं नाही, तर नागपुरात भलतेच आजार वाढल्यासारखे दिसतात आणि गोंदिया ठणठणीत वाटतो.

नोंदींचा हा ढोबळपणा जुना आहे. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमलात हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता. तिथे जन्ममृत्यू टिपायचं काम गावच्या कोतवालाकडे असे. कारणांचे रकाने मोजकेच: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनविकार, इजा आणि इतर. सर्वांत फुगलेला रकाना अर्थातच तापाचा. मलेरिया असो, विषमज्वर असो, सगळ्यांची भरती त्यात. कोतवालाच्या त्या नोंदींच्या नकला आज जातीच्या दाखल्यासाठी शोधल्या जातात; आरोग्याच्या अभ्यासकाला त्यांतून साथी ओळखता येतात, पण रोग फारसे नाहीत.

डॉक्टर नसेल तर घरच्यांनाच नीट विचारायचं, हा अशा मोघम नोंदींवरचा उपाय. ताप किती दिवस होता, मूल धापा टाकत होतं का, दूध ओढत होतं का, अशा प्रश्नांवरून कारण ठरवायचं. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूंसाठी या पद्धतीचे निकष तयार केले आणि ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे देशभरच्या 'दशलक्ष मृत्यू अभ्यासा'त प्रत्येक मृत्यूची अशी माहिती दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासली. तेव्हा सर्पदंशाचे वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू निघाले. सरकारी रुग्णालयांच्या आकड्याच्या ते तीसपट होते!

२०२३ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयाला कारणाचा दाखला देणं बंधनकारक झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंश हा 'सूचित करण्याजोगा', म्हणजे सरकारला कळवायलाच हवा असा, आजार ठरवा, असं राज्यांना कळवलं. दोन्ही तरतुदींचा भर रुग्णालयावर आहे. घरात, अंथरुणावरच गेलेल्याचं कारण अजूनही नातेवाइकांच्या सांगण्यावरच ठरतं.