आधार कोठे द्यावे, कोठे राखावे

ताप, खोकला किंवा रक्तदाब यांच्या तपासणीसाठी डॉक्टरांना आपल्या आधार क्रमांकाची गरज नसते. तरीही आपल्या बुलढाणा जिल्ह्यात अनेक ज्येष्ठ रुग्ण जुन्या चिठ्ठ्यांबरोबर आधारकार्डही टेबलावर काढून ठेवतात. याउलट काही घरांनी फसवणुकीच्या बातम्यांचा असा धसका घेतलेला असतो, की हक्काच्या योजनेसाठीही कार्ड बाहेर निघत नाही. दोन्ही गोष्टींत नुकसान आपलेच.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात याची मर्यादा आखली आहे. शासकीय लाभ आणि प्राप्तिकर यांसाठी आधार मागता येते. बँक खाते किंवा सिमकार्ड यांसाठी त्याची सक्ती करता येत नाही. म्हणून श्रावणबाळ निवृत्तिवेतन, रेशनचे धान्य किंवा हयातीचा डिजिटल दाखला यांसाठी आधार निःशंकपणे द्यावे. सत्तरी पूर्ण केलेल्यांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड तर रुग्णालयात भरती होण्याची वेळ येण्यापूर्वीच काढून ठेवावे.

बारा अंक कोणाला कळले, एवढ्याने खात्यातून पैसे जात नाहीत. खरी किल्ली असते ओटीपी आणि अंगठा. आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून रोख रक्कम काढता येते. कपाशी वेचून, खुरपे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही आणि तो पुनःपुन्हा लावावा लागतो. अशा वेळी प्रत्येक खेपेची पावती मागावी आणि पासबुकात नोंदी तपासून घ्याव्यात. हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवरही मिळतो, हे लक्षात ठेवावे.

नियम सोपा आहे. आपल्या कामासाठी आपण स्वतः कार्यालयात गेलो असू, तर आधार द्यावे. कोणी दारात किंवा फोनवर येऊन मागत असेल, तर थांबावे. ‘आजच द्या, नाहीतर पेन्शन बंद होईल’ अशी घाई कोणी करू लागला, की संशय घ्यावा. ओटीपी तर फोनवर कोणालाही सांगू नये. छायाप्रतीवर कारण व तारीख लिहावी. चालत असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्यावी.

काळजीवाहकांनी आधारशी जोडलेला मोबाइल चालू आहे का आणि तो कोणाच्या हाती असतो, हे पाहावे. अंगठ्याचा वापर ‘बायोमेट्रिक लॉक’ने बंद ठेवता येतो, मात्र रेशन किंवा दाखल्याच्या वेळी तो उघडावा लागतो. स्मृतिभ्रंश जडलेल्या व्यक्तीला हे नियम सांगून भागत नाही. तिची कागदपत्रे घरातील एकाच विश्वासू माणसाने सांभाळावीत.

फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर आणि बँकेला कळवावे. आधारविषयी विचारणा १९४७ वर करता येते. घरातील वृद्धांना मात्र रागावू नये. बोलणी बसतील या भीतीने ते गप्प राहतात, आणि पैसा परत मिळण्याची वेळ त्या गप्प राहण्यातच निघून जाते.