परदेशी कापडाचा ट्रक अडविणारा गिरणी कामगार

मुंबईच्या काळबादेवी भागात शुक्रवार, १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापड घेऊन निघालेला ट्रक अडविताना बाबू गेनू सैद हे गिरणी कामगार त्याखाली चिरडले गेले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. त्यांच्या स्मरणार्थ १२ डिसेंबर हा दिवस 'स्वदेशी दिन' म्हणून पाळला जातो. पुतळ्यांना हार घातले जातात, भाषणे होतात. मात्र ट्रक अडविण्याला त्या काळी एवढे महत्त्व का होते आणि एका गिरणी कामगाराने त्यासाठी पुढे येणे ही वेगळी गोष्ट का होती, हे या सोहळ्यांत क्वचितच सांगितले जाते.

घाटावरून गिरणगावात

बाबू गेनू यांचा जन्म १९०८ मध्ये पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळ या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. कोरडवाहू शेतीवर पोट भरणे अशक्य झाले, की मुंबईची वाट धरायची, हा घाटावरच्या आणि कोकणातल्या हजारो कुटुंबांचा तेव्हाचा परिपाठ होता. बाबू गेनूही त्याच वाटेने मुंबईत आले आणि कापड गिरणीत कामाला लागले. पुढे ते काँग्रेसचे स्वयंसेवक झाले आणि १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले.

ट्रकच का अडवायचा?

महात्मा गांधी यांनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला. मे महिन्याच्या प्रारंभी त्यांना अटक झाली. पावसाळा सुरू झाल्यावर मिठाचा सत्याग्रह मंदावणे स्वाभाविक होते. परदेशी कापडावरील बहिष्काराला मात्र ऋतूचे बंधन नव्हते. मुंबई हे आयात कापडाचे मोठे बंदर आणि तेवढीच मोठी घाऊक बाजारपेठ. मूळजी जेठा मार्केट आणि काळबादेवीचा परिसर हे या व्यापाराचे केंद्र होते. दुकानांपुढे पिकेटिंग करण्यात महिला स्वयंसेविका आघाडीवर होत्या.

दुकानात ग्राहक फिरकेनासा झाला, तरी गोदामातील माल अन्यत्र हलविता येत असे. पोलिसांच्या बंदोबस्तात असा माल बाहेर काढला जाऊ लागला. त्यामुळे माल वाहून नेणारी वाहने रोखणे हा बहिष्काराचा पुढचा टप्पा ठरला. माल जागचा हलला नाही, तर व्यापाऱ्याचे भांडवल अडकते आणि तो नवी मागणी नोंदवीत नाही, असा त्यामागचा साधा हिशेब होता. त्यासाठी स्वयंसेवक वाहनांसमोर उभे राहत किंवा रस्त्यावर आडवे होत.

या दबावाचा परिणाम आकड्यांत दिसतो. ब्रिटनमधून हिंदुस्थानात येणारे सुती कापड १९२९-३० मध्ये सुमारे १२४.८ कोटी वार होते. १९३०-३१ मध्ये ते ५२.३ कोटी वारांवर घसरले. जागतिक मंदीचाही यात वाटा होता. तरीही बहिष्काराची झळ मँचेस्टर आणि लँकेशायरपर्यंत पोहोचली, हे निर्विवाद.

संघटना दूर, कामगार रस्त्यावर

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ मध्ये सुमारे सहा महिने संप केला होता. त्यातून गिरणी कामगार युनियन ही बलाढ्य संघटना उभी राहिली. मात्र मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह प्रमुख नेते पकडले गेले आणि संघटना खिळखिळी झाली. उरलेल्या कम्युनिस्ट नेतृत्वाच्या लेखी काँग्रेस हा भांडवलदारांचा पक्ष होता. परिणामी ते १९३० च्या आंदोलनापासून अलिप्त राहिले.

त्यांच्या आक्षेपात तथ्यही होते. परदेशी कापड थांबले, की पहिला लाभ देशी गिरणीमालकांना होणार होता. ज्या मालकांशी कामगारांचा वेतनासाठी झगडा चालू होता, त्यांचाच धंदा या बहिष्काराने वाढणार होता. असे असूनही बाबू गेनू यांच्यासारखे कामगार स्वातंत्र्याच्या मागणीसाठी रस्त्यावर आले. त्यांच्या बलिदानाचे वेगळेपण नेमके येथे आहे. मालकाविरुद्धचा लढा आणि परकीय सत्तेविरुद्धचा लढा यांतून एकाचीच निवड करावी, असे या कामगारांना वाटले नाही.

अपघात की हत्या?

ट्रकखाली सापडून झालेला हा मृत्यू सरकारच्या लेखी अपघात होता. जनतेने ते मान्य केले नाही. हिंदी चालकाने ट्रक पुढे नेण्यास नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने स्वतः चाक हाती घेतले, अशी हकिकत तेव्हापासून सांगितली जाते. तिच्या तपशिलांत सांगणाऱ्यागणिक फरक आढळतो. पोलिसांच्या संरक्षणात माल बाहेर पडत होता आणि समोर निःशस्त्र तरुण उभा होता, याबाबत मात्र मतभेद नाही. अंत्ययात्रेला लोटलेल्या जनसमुदायाने आपला कौल त्याच वेळी दिला होता.

नाव उरले, ओळख पुसट

काळबादेवीतील रस्त्याला आज बाबू गेनू यांचे नाव आहे. पुण्यात मंडईजवळचा चौक आणि तेथील प्रसिद्ध गणेशोत्सव मंडळ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. मुंबईत डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची महापालिकेची इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली आणि ६१ जणांचा बळी गेला. मृतांत पालिका कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय होते. त्या दुर्घटनेच्या बातम्यांतूनच हे नाव अनेक तरुणांच्या कानी प्रथम पडले.

ज्या गिरण्यांनी त्यांना मुंबईत आणले, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जागी मॉल आणि उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. स्वदेशीचा अर्थही बदलला असून, आता त्या शब्दाभोवती बहुधा व्यापार आणि उद्योग यांचीच चर्चा होते. बाबू गेनू यांच्यासाठी तो शब्द परकीय राजवटीला नकार देण्याचा होता. त्यांच्याजवळ ना पद होते, ना पैसा, ना संघटनेचे बळ. हे ध्यानी घेतल्याखेरीज १२ डिसेंबरचे स्मरण पूर्ण होत नाही.