शाळेच्या नळाचा हिशेब

दरवर्षी पावसाळ्यात शाळेत वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, रोपटे लागते, फोटो निघतो. पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्याजवळ जाऊन पाहा, वाळकी काडीसुद्धा सापडत नाही. मग जुन्याच खड्ड्यात नवे रोप! मी कारकुनी करणारा माणूस. खर्च पडतो आणि जमेला काहीच येत नाही, असे खाते मला खटकते.

आपला गोंदिया जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी इकडे तलाव बांधले, त्यावर धान पिकविले. वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात शाळेतल्या हापशाला पाणी का नसते? हा प्रश्न मुलांनीच सोडवावा, असे ठरवून मी वस्तीतील मुलांबरोबर एका शाळेत गेलो. भाषण केले नाही. एक वही दिली.

शाळेचा नळ गळत होता, सेकंदाला एक थेंब. मुलांनी खाली बादली ठेवली. दिवसरात्रीत वीस लिटरच्या आसपास पाणी जमले. दुरुस्तीला लागला फक्त एक वायसर! मग छप्पर मोजले. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होते. सातवीतल्या एका मुलीने हा गुणाकार फळ्यावर मांडला आणि "पन्हाळीखाली टाकी ठेवा, सर," असे मुख्याध्यापकांना तिनेच सांगितले. जेवणानंतर हात धुतलेले पाणी चर खणून रोपांकडे वळविले. भाजीची देठे, साली खड्ड्यात टाकून खत केले. झाडे पाचच लावली, पण सुट्टीत कोणत्या दिवशी कोण पाणी घालणार, ते वहीत नावानिशी लिहिले. उन्हाळा संपला तेव्हा चार झाडे हिरवी होती.

पण एक गोष्ट मनाला लागली. कामाची वाटणी झाली तेव्हा मोजमाप आणि झाडे इतरांकडे गेली. झाडू आणि संडासाची बादली आली आपल्या वस्तीतल्या मुलींकडे. कोणी मुद्दाम केले नसेल, सवयीने झाले असेल. पण हीच सवय मोडायची आहे. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नळ उघडील तेव्हाच पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. त्यांच्या लेकरांना शाळेतल्या पाण्याचा हिशेब कळावा, नुसता झाडू नव्हे.

मी भांडलो नाही. गुरुजींजवळ बसून पाळीपत्रक केले. हजेरीच्या क्रमाने झाडलोट, मुलगा-मुलगी भेद नाही, गुरुजींचीही पाळी. जपानमध्ये वर्गाची सफाई सगळीच मुले करतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. संडास धुण्याचे काम मात्र मुलांवर टाकायचेच नाही, असे पालकसभेत ठरले.

पालकांनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. निम्म्या जागा महिलांच्या, आणि वंचित घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा द्यावी लागते. धानाची रोवणी किंवा बिडीचे काम सोडून बैठकीला जायचे म्हणजे रोजी बुडते, हे मला ठाऊक आहे. तरी आळीपाळीने जा. नळ गळतो का, टाकी झाकलेली आहे का, झाडू कोणाच्या हाती आहे, हे तीन प्रश्न विचारा.

आणि आज संध्याकाळी आपल्या मुलाला एक शंभर पानी वही घेऊन द्या. पहिल्या पानावर त्याला लिहू द्या : आमच्या शाळेचे पाणी.