दुधाची वाटी आधी उचला!

मैत्रिणींनो, मांजर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दुधाची वाटीच ना? 'मांजर डोळे मिटून दूध पितं' ही म्हण तर मी स्वतः दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून मुलांना अर्थ विचारते. पण ज्या वाटीवर आपण इतक्या मायेनं मांजराचं पिल्लू वाढवायला जातो, तीच त्याच्या जिवावर उठू शकते, हे मला एक पिल्लू गमावल्यावर कळलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं विंचूर हे कांद्याचं गाव. उन्हाळ कांदा चाळीत भरला की पुढे पावसाळाभर त्याची निवड चालते. सडका कांदा बाजूला काढायचा, चांगला पुन्हा रचायचा. अशा चाळींत उंदीर असतात, म्हणून मांजरं असतात आणि मांजरं असली की पिल्लं आलीच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात शेजारच्या चाळीत निवड चालू असताना एक पिल्लू सापडलं. त्याच्या आईचा पत्ता नव्हता. आमच्या धाकटीनं ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

पिल्लू दीडेक महिन्याचं असेल. मी लगेच गाईचं दूध कोमट करून वाटीत दिलं. त्यानं चाटूनपुसून प्यायलं. दुसऱ्या दिवशी पातळ शी. मला वाटलं, अशक्तपणा असेल, म्हणून चिमूटभर साखर घालून आणखी दूध दिलं. तिसऱ्या दिवशी ते मान टाकून पडलं आणि रात्री गेलं. धाकटीनं विचारलं, "आई, मी तर त्याला रोज दूध देत होते, मग?" त्या 'मग?'ला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या श्रावणात पुन्हा एक पिल्लू आलं आणि चौथ्या दिवशी त्याचंही पोट बिघडलं. या वेळी मात्र पिशवीत घालून सरळ गुरांच्या दवाखान्यात नेलं. गाई-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभी राहिले, तेव्हा चार माणसं हसली. हसू देत! डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "दूध देता का?"

दूध का सोसत नाही?

दुधात जी साखर असते, ती पचवायला आतड्यात एक पाचक रस लागतो. पिल्लू आईचं दूध तोडू लागलं की हा रस कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. शिवाय गाईचं दूध आणि मांजरीचं दूध यांत फार फरक. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतो. म्हणजे गाईच्या दुधानं धड पोषणही होत नाही.

पिल्लू चार आठवड्यांच्या आतलं असेल, तर त्याला दूधच लागतं, पण ते मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं. पाजताना त्याला पालथंच ठेवावं. आपल्या तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं, तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. इतक्या लहान पिल्लाला शी-शूसुद्धा आपली आपण करता येत नाही. त्याची आई चाटून ती करवते. आपण ओल्या कोमट कापसानं हलकेच पुसून करवावी.

आधी ऊब, मग पाणी, मग अन्न

हा क्रम पाठच करून ठेवा. पिल्लू हाताला गार लागलं, तर आधी त्याला ऊब द्या. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही.

मग पाणी. जुलाबात जीव जातो तो बहुतेकदा अंगातलं पाणी आटल्यामुळे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती चटकन जागेवर गेली तर ठीक. हळूहळू गेली किंवा हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, तर पाणी कमी पडलं आहे असं समजा. ओआरएसची पुडी आपल्या घरात असतेच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. साखरेच्या जोडीनं मीठ आतड्यातून आत शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी, असं हे साधं गणित. मांजराच्या आतड्यातही तेच चालतं. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती विरघळवा. अंदाजानं मीठ घालू नका, जास्त मीठ घातक ठरतं. बिनसुईच्या पिचकारीनं गालाच्या कडेला दोन-तीन मिली, अर्ध्या-पाऊण तासानं, थेंबथेंब सोडा. पिल्लाला उलट्या होत असतील किंवा गिळता येत नसेल, तर मात्र तोंडावाटे काही न देता डॉक्टरकडेच न्या.

मग अन्न. मोठ्या माणसाला आपण लंघन सांगतो, पण पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याची शिल्लकच थोडी असते. उकडलेली कोंबडी, तीही मीठ, मसाला नि हाड यांवाचून, बारीक कुस्करून, हवा तर चमचाभर मऊ भात घालून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी द्यावी.

आता आमच्या घरी मांसाहार नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात ते शिजणार नाही." मी म्हटलं, नको शिजू देत. शेजारणीनं तिच्याकडे उकडून दिलं आणि मागच्या पडवीत पिल्लाची वेगळी ताटली झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईच विचारत होत्या, "अगं, मनीचं ताट झालं का?" मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं. केवळ दूधभातावर त्याला कायमचं ठेवता येत नाही. घरात जमत नसेल, तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य आणावं.

आपल्याच घरातलं विष

आम्हा विंचूरकरांना सांगायला अवघड वाटतं, पण कांदा हे मांजराला विष आहे. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही. लसूणही तसाच. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास काही दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. उरलेल्या भाजीचा रस्सा भातावर घालून मांजराला देण्याची सवय आजपासून सोडा.

दुसरी गोष्ट औषधांची. आपल्या डब्यातली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. जुलाब थांबवायच्या गोळीचा तुकडाही मनानं देऊ नका. तिसरी गोष्ट फिनेलची. ते मांजराला बाधतं, कारण भिजलेले पंजे ते चाटतं. शीची जागा साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करावी.

डॉक्टरकडे कधी?

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल, तर जुलाब सुरू झाले त्याच दिवशी. मोठ्या पिल्लाला एका दिवसात उतार पडला नाही तर. आणि वय काहीही असो, उलटी, शीत रक्त, अन्नाला तोंड न लावणं, मलूलपणा यांतलं एक जरी दिसलं तरी तत्काळ. पॅनल्युकोपेनिया नावाचा मांजरांचा विषाणुजन्य रोग असाच सुरू होतो आणि पिल्लं झपाट्यानं जातात. त्यावर लस आहे, ती साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून देता येते. घरात दुसरी मांजरं असतील, तर आजारी पिल्लू वेगळं ठेवा.

आमच्या मनीच्या पोटात जंत निघाले, शेवयांसारखे. डॉक्टरांनी तिचं वजन करून त्या मापानं औषध दिलं. जाताना शीचा नमुना डबीत नेला होता, त्याचा उपयोग झाला. घरी मी तिला रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत असे. आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढ म्हणजे पिल्लू मार्गी लागलं.

स्वतःचीही काळजी घ्या. शी काढल्यावर हात साबणानं धुवा, मुलांनाही धुवायला लावा. दिवस गेलेल्या बाईनं मांजराची शी अजिबात काढू नये, त्यातल्या टॉक्सोप्लाझ्मा जंतूपासून पोटातल्या बाळाला धोका असतो. पिल्लू चावलं, ओरबाडलं, तर जखम पंधरा मिनिटं साबणानं धुऊन सरकारी दवाखान्यात जा.

मनी आता वर्षाची झाली. चाळीत उंदरांवर तिचा दरारा आहे. परवा धाकटीच्या मैत्रिणीनं तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवली, तर धाकटीनं ती पटकन उचलली आणि म्हणाली, "पाणी दे. दूध आपल्याला आवडतं, तिला सोसत नाही."

दोन वर्षांपूर्वी तिनं मला विचारलेल्या 'मग?'चं उत्तर आता तीच दुसऱ्यांना देत होती.