वाळूची होते काच, इंजिनाला जाच

१७ मे २०१५. हवाई बेटांवरच्या बेलोज तळावर अमेरिकी मरीन दलाचे 'ऑस्प्रे' विमान हेलिकॉप्टरसारखे सरळ खाली उतरत होते. पंख्यांच्या झोताने धुळीचा लोट उसळला. पहिला प्रयत्न सोडून देऊन दुसऱ्यांदा उतरताना एका इंजिनाची ताकद गेली आणि विमान जमिनीवर आदळले. दोन सैनिकांचा मृत्यू झाला. तपासाअंती बोट गेले ते इंजिनात शिरलेल्या धुळीकडे.

चिमूटभर धूळ एवढ्या मोठ्या यंत्राचे काय बिघडवणार, असे वाटणे साहजिक आहे. पण मोठ्या प्रवासी विमानाचे इंजिन उड्डाणाच्या वेळी सेकंदाला एक टनाहून अधिक हवा ओढते. त्या हवेत असेल ते सगळे आत जाते.

पहिला परिणाम झिजेचा. वेगाने आदळणारे दाणे हवा दाबणाऱ्या पात्यांच्या कडा काचपेपरसारख्या घासतात. पात्यांचा आकार बदलला की दाब नीट तयार होत नाही आणि इंधन जास्त लागते.

दुसरा परिणाम अधिक घातक. धुळीत सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम असते. हे मिश्रण साधारण १२०० अंश सेल्सिअसला वितळू लागते. इंजिनातील ज्वलनकक्षाचे तापमान त्याच्या बरेच पुढे असते. म्हणजे काचेच्या भट्टीत वाळूचे जे होते, तेच येथे होते. हा रस पुढच्या टर्बाइनच्या पात्यांवर चिकटून थिजतो. वायूची वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरते. पाती थंड ठेवण्यासाठी त्यांना बारीक छिद्रे असतात. तीही बुजतात. उष्णतेपासून वाचवणाऱ्या सिरॅमिकच्या लेपात रस मुरला, की लेपाचे पोपडे निघतात.

ज्वालामुखीची राखही अशीच वागते. २४ जून १९८२ रोजी जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेने बंद पडली. विमान तरंगत खाली येत राखेतून बाहेर पडले, इंजिने पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला सुखरूप उतरले.

मग गाळणी का बसवत नाहीत? हेलिकॉप्टरना बसवतात. हवेला गरगर फिरवून जड दाणे बाजूला काढणाऱ्या नळ्याही असतात. प्रवासी विमानाच्या प्रचंड हवेपुढे मात्र गाळणीचा अडथळा परवडत नाही. तेथे पुढचा मोठा पंखाच बरेचसे जड दाणे बाहेरच्या बाजूला फेकतो. बाकी भिस्त इंजिन पाण्याने धुण्यावर, आत कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीवर आणि वितळलेल्या धुळीला मुरू न देणाऱ्या नव्या लेपांवर.

ऑस्प्रेच्या अपघातानंतर धुळीच्या लोटात तरंगत राहण्याची मुभा ६० सेकंदांवरून ३५ सेकंदांवर आणली गेली. आखाती देशांत किंवा उत्तर भारतात धुळीच्या वादळामुळे विमान रखडले, तर त्या थांबण्यामागे कमी दृश्यमानतेबरोबरच इंजिनाचे हे दुखणेही असू शकते.