जेरबंद झालेला बिबट्या पुढे कुठे जातो?

‘बिबट्या अखेर जेरबंद, ग्रामस्थांचा सुटकेचा निःश्वास’ ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे, की तो पिंजरा पुढे कुठे नेला हे विचारायचं कुणाला सुचत नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी मात्र नेमका तोच प्रश्न धरून ठेवला.

जुन्नर परिसरात २००१ पासून उसाच्या पट्ट्यातले बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलात सोडले जाऊ लागले. हेतू चांगलाच होता. पण अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा चित्र उलटंच निघालं. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते १७ वर गेले. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

असं का व्हावं? बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. कुठल्या वस्तीवर रात्री कुत्री भुंकतात, कुठला ओढा कोरडा असतो, माणूस कधी बाहेर पडतो, हे त्याला ठाऊक असतं. पिंजऱ्यात दिवस काढून, माणसांच्या गराड्यातून, अनोळखी रानात उतरवलेलं जनावर बिथरलेलं असणारच. शिवाय त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो तो वेगळाच.

मग अत्रेय अकोले तालुक्यात गेल्या. प्रवरेच्या खोऱ्यातला हा बागायती भाग, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, सगळीकडे ऊस. तिथे पायवाटांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावले. दोन का, तर बिबट्याच्या डाव्या कुशीवरची नक्षी उजवीसारखी नसते, आणि दोन्ही बाजू मिळाल्या तर हातावरच्या रेषांसारखी ती ओळख पक्की होते. कॅमेऱ्यात पाच नर आणि सहा माद्या सापडल्या. हिशेब निघाला तो असा: १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसं. इवलीशी वाघाटीही त्याच शेतांत दिसली. हे बिबटे जंगलातून ‘घुसलेले’ नव्हते. ते तिथलेच रहिवासी होते आणि पिल्लंही तिथेच वाढवत होते.

खातात काय, हे विष्ठेनं सांगितलं. विष्ठा धुऊन, वाळवून त्यातला केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की आतल्या गाभ्याच्या रचनेवरून जनावर ओळखता येतं. सर्वांत जास्त केस निघाले कुत्र्यांचे. भक्ष्याच्या एकूण वजनात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा त्याहून कितीतरी कमी. उकिरड्यावर पोसलेली भटकी कुत्री म्हणजे बिबट्याचं भरलेलं कोठारच, आणि ते कोठार आपणच भरतो.

अकोल्यात त्या काळात माणसांवर हल्ले जवळजवळ नव्हतेच. तरी बिबट्या निरुपद्रवी ठरत नाही. जुन्नर-शिरूर पट्ट्यात अलीकडेही लहान मुलं मारली गेली आहेत. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरासमोर सरासरीचे आकडे ठेवता येत नाहीत. पण त्या घराला खरा आधार द्यायचा, तर बंदिस्त गोठा, अंगणात उजेड, उचललेला कचरा आणि अंधार पडल्यावर मुलांसोबत मोठं माणूस, ही कामं पिंजऱ्याआधी व्हायला हवीत. वाघोबाला शेंदूर लावून वाघबारस पाळणाऱ्या महादेव कोळी आणि वारली वाड्यांना या शेजाराची जाण पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्या या श्रद्धेचा अभ्यासही अत्रेय यांच्या गटाने केला आहे.

पिंजऱ्याच्या पुढची गोष्ट एका बिबट्याने स्वतःच चालून दाखवली. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढला गेला. स्वभावाने शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. अंगात ओळखीची चिप आणि गळ्यात जीपीएस पट्टा बसवून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून तो निघाला. मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याजवळचे रेल्वेरूळ, पुढे वसईची खाडी, असं सगळं ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याभरात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला.

तो पाहायला आजोबा उरला नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. अंगातली चिप वाचली, तेव्हा कळलं की तो आजोबाच.